सोडियमचा दिवा

सत्तावीस वर्षं मी सातपूरला
बंद खोलीत बसून पट्टे मोजले.
बाहेर लेथची घरघर, आत बारा महिने वीस अंश.
मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला निघणारा
कामगारनगरात मी एकटाच.

पोलादी गेज, त्यावर काचेची चकती,
वर सोडियमचा पिवळा दिवा.
काच आणि पोलाद यांच्यात जी फट उरते
ती दिसत नाही, तिचे पट्टे दिसतात:
एक काळा, एक पिवळा, एक काळा.
सरळ आले की माल पास.
वाकले की मी लाल शिक्का उचलायचो
आणि नाइट शिफ्टची पोरं
आठवडाभर माझ्याशी बोलायची नाहीत.

हेमांगी सहावीत होती. डबा घेऊन आली एकदा,
चकतीवर वाकून म्हणाली, आप्पा, हे कोणी काढलं?
कोणी नाही, म्हटलं. उजेडाला उजेड भेटला
की कधी वाढतो, कधी विझतो.
एवढंच मला येत होतं. अजूनही एवढंच येतं.

आता ती ताऱ्यांची रुंदी काढते.
दोन दुर्बिणी, मध्ये अंतर साधारण
अशोकस्तंभ ते मेहेरचा सिग्नल.
एकीकडे उजेड आधी पोचतो.
त्याला रुळांवरच्या आरशांतून फिरवत ठेवायचं
मागचा येईपर्यंत,
मग दोघांना एकत्र सोडायचं. पट्टे उमटतात.
दुर्बिणी लांब नेत गेलं की फिके पडतात,
आणि जिथे पार पुसले जातात
तिथे ताऱ्याचं माप हाती लागतं.
दिसेनासं होणं हेही रीडिंग असतं,
हे पटायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

पिंपळगावचा कंटेनर रॉटरडॅमला उतरतो ना,
त्यातला द्राक्षाचा एक मणी
इथून जेवढा दिसेल
तेवढा तारा.

तिच्या तिसऱ्या ताऱ्याला एक ग्रह होता.
वर्तमानपत्रात चित्र आलेलं, निळं पाणी, ढग.
शेजारच्या निरगुड्यांनी कापून फ्रिजला लावलं होतं.
ग्रह कोणी पाहिला नव्हता. ताऱ्यापुढून जाताना
उजेड किती घटतो, त्यावरून त्याचा आकार;
ताऱ्याचं माप चुकलं की त्याचंही चुकलं.
तारा शेकडा सहा मोठा निघाला.
ग्रह फुगला, घनता उतरली,
पाणी गेलं, पाय ठेवायची जमीन गेली.

रात्री दोनला फोन. आप्पा, मी एक ग्रह बाद केला.
लोक नाराज आहेत.
किती वेळा मोजलंस?
एकोणीस रात्री.
मग झोप, म्हटलं.

बारा वर्षांत चारशे जणांनी ते माप वापरलं.
नाव तळटीपेत, मुंगीएवढ्या टायपात:
खैरनार व इतर.
निरगुडे विचारतात, यातून जगाला मिळालं काय?
मी म्हणतो, डिझेलचं नोझल पाहिलंय कधी?
इंजिनाच्या पोटात असतं. ट्रक चालतो.

या मार्गशीर्षात ती आली. कपाटातून गेज काढलं, चकती काढली,
टूलरूम बंद झाली तेव्हा
भंगारात किलोवर घेतलेली.
पण शहरभर आता पांढरे एलईडी,
त्यांच्यात पट्टे धुवून जातात.
तिच्या स्कूटरवर मागे बसून मी त्र्यंबक रोडला,
मग आयटीआयच्या पलीकडच्या गल्ल्या,
एका बंद फाउंड्रीच्या गेटवर
महापालिकेच्या नजरेतून सुटलेला
गुणगुणणारा एक पिवळा दिवा.
वॉचमन उठून आला, काय हरवलं?
काही नाही, ती म्हणाली, जरा मोजायचंय.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला नुसता पिवळा धूर.
सरळ आहेत का गं?
ती बराच वेळ वाकून.
चार सरळ. पाचवा जरासा वाकतोय, आप्पा.
कडेला?
कडेला.

लिहून ठेव, म्हटलं.